शेपटीवरून हेलिकॉप्टर

२ मे २०११ च्या सकाळी अबोटाबादच्या बिलाल टाउन वस्तीतले लोक घराबाहेर आले, तेव्हा एका उंच कुंपणभिंतीच्या बाहेरच्या अंगाला हेलिकॉप्टरचं शेपूट पडलेलं होतं. आतला मुख्य सांगाडा अमेरिकी कमांडोंनी निघण्यापूर्वी स्फोटकं लावून उडवून दिला होता. शेपूट भिंतीपलीकडे गेल्यामुळे तेवढं वाचलं. पाकिस्तानी लष्कराने ताडपत्री टाकून ते हलवण्याआधी छायाचित्रकारांना थोडा अवधी मिळाला, आणि त्या मोजक्या छायाचित्रांनी विमानविद्येच्या अभ्यासकांना कामाला लावलं. ब्लॅक हॉक या अमेरिकी लष्करी हेलिकॉप्टरच्या शेपटीवरच्या पंख्याला चार पाती असतात; इथे त्याहून जास्त होती, आणि पंख्याच्या मधल्या भागावर थाळीसारखं झाकण बसवलेलं होतं. आडव्या पंखाच्या कडा तिरक्या कापलेल्या, पृष्ठभाग गुळगुळीत, रंग रुपेरी-करडा. असं हेलिकॉप्टर कुठल्याही देशाच्या जाहीर यादीत नव्हतं. ओसामा बिन लादेनला मारण्यासाठी झालेल्या त्या मोहिमेचं, ‘ऑपरेशन नेपच्यून स्पिअर’चं, बाकीचं वर्णन अमेरिकी अधिकाऱ्यांनी पुढे हप्त्याहप्त्याने सांगितलं. हेलिकॉप्टरबद्दल मात्र तोंड मिटून घेतलं.

त्या मौनाच्या पोकळीत तर्कांचं पीक आलं. ‘स्टेल्थ हॉक’, ‘सायलेंट हॉक’, ‘घोस्ट हॉक’ अशी नावं पडली. चित्रकारांनी शेपटीवरून पुढचं अख्खं हेलिकॉप्टर रेखाटलं. २०१२ च्या ‘झीरो डार्क थर्टी’ या चित्रपटासाठी पूर्णाकृती प्रतिकृती बनवल्या गेल्या, आणि लाखो लोकांच्या डोळ्यांपुढे आज जे हेलिकॉप्टर येतं ते त्या प्रतिकृतींवरूनच आलेलं असतं. या साऱ्या तर्कांचा आढावा घेताना माझं मत असं बनलं आहे, की रडार चुकवण्यासाठी आणि आवाज दाबण्यासाठी बदललेलं ब्लॅक हॉक त्या रात्री वापरलं गेलं, याबद्दल शंकेला जागा नाही. पण त्या रात्रीचं जे यश आपण त्याच्या नावावर जमा करतो, त्यातला मोठा हिस्सा डोंगरांचा, अंधाराचा, वैमानिकांचा आणि पाकिस्तानी हवाई संरक्षणाच्या ढिलाईचा आहे. हा हिशेब चुकला की त्यापुढचे सगळे प्रश्नही चुकतात.

असं यंत्र अमेरिकेकडे असणं मुळात चमत्कारिक नव्हतं. डिसेंबर १९७२ मध्ये सीआयएने उत्तर व्हिएतनाममध्ये विन्ह शहराजवळ दूरध्वनीच्या तारांवर चोरून ऐकण्याचं उपकरण बसवलं, तेव्हा माणसं पोहोचवायला ह्यूज कंपनीचं खास बदललेलं छोटं हेलिकॉप्टर वापरलं होतं. मुख्य पंख्याला चारऐवजी पाच पाती, शेपटीला निराळ्या रचनेचा पंखा, इंजिनाच्या धुराड्याला आवाज दाबणारं नळकांडं, आणि पंखा नेहमीपेक्षा सावकाश फिरवण्याची सोय. रडारवर कमी दिसणाऱ्या हेलिकॉप्टरचा अभ्यास सिकोर्स्की कंपनीने १९७० च्या दशकाच्या अखेरीस केला होता. पुढे बोईंग आणि सिकोर्स्की यांनी मिळून कोमांची हे टेहळणी हेलिकॉप्टर बनवलं. शस्त्रं पोटात दडवलेली, धूर शेपटीतल्या फटींतून थंड करून सोडलेला, शेपटीचा पंखा कवचात बसवलेला. जानेवारी १९९६ मध्ये ते पहिल्यांदा उडालं आणि फेब्रुवारी २००४ मध्ये, सुमारे ७ अब्ज डॉलर खर्च होऊन दोनच नमुने उडाल्यावर, प्रकल्प गुंडाळला गेला. तोपर्यंत साहित्य, आकार, रंगलेप, धुराची उष्णता या सगळ्यांचं ज्ञान कंपन्यांच्या हाती होतं. नवं विमान घडवण्यापेक्षा हेच ज्ञान वापरात असलेल्या ब्लॅक हॉकवर चढवणं सोपं, स्वस्त आणि गुप्त ठेवायला सोयीचं. जानेवारी २०२० मध्ये नाकाचा आणि अंगाचा आकार बदललेल्या एका जुन्या ब्लॅक हॉकचं छायाचित्र उजेडात आलं, त्यानेही हाच वंशवृक्ष पक्का केला.

शेपटीवरून अख्खं यंत्र ओळखता येतं का, या प्रश्नाला इतिहासात एक चांगलं उत्तर आहे. एफ-११७ हे स्टेल्थ विमान जून १९८१ मध्ये पहिल्यांदा उडालं आणि अमेरिकी सरकारने ते नोव्हेंबर १९८८ मध्ये कबूल केलं. मधल्या काळात ‘एफ-१९’ या काल्पनिक नावाने त्याची चित्रं छापली जात होती. टेस्टर्स या खेळणी कंपनीने १९८६ मध्ये त्याचा जोडायचा संच बाजारात आणला आणि तो तुफान खपला. त्यातलं विमान गोलाईदार, वळणावळणाचं होतं. सरकारने खरं छायाचित्र दाखवलं तेव्हा सपाट फळ्या जोडून केल्यासारखं टोकदार विमान समोर आलं. असं विमान असणार हे तर्क करणाऱ्यांनी बरोबर ओळखलं होतं. त्याचं रूप त्यांनी पूर्णपणे चुकवलं होतं. अबोटाबादच्या हेलिकॉप्टरची जी टोकदार नाकाची चित्रं फिरतात, ती बहुतांशी कोमांचीच्या तोंडवळ्यावरून उचललेली आहेत. आपल्याकडे पुरावा शेपटीचा आहे, आणि शेपटी सांगते तेवढंच खात्रीने बोलता येतं.

ती सांगते ते मुख्यतः आवाजाबद्दल, आणि या भागाकडे लोकांचं दुर्लक्ष होतं. ब्लॅक हॉकच्या मुख्य पंख्याचा व्यास १६ मीटरहून थोडा जास्त आहे आणि तो मिनिटाला सुमारे २५८ फेरे घेतो. म्हणजे पात्याचं टोक सेकंदाला सुमारे २२० मीटर धावतं. त्यात हेलिकॉप्टरचा स्वतःचा वेग मिळवला की पुढे येणाऱ्या पात्याचं टोक ध्वनीच्या वेगाच्या बरंच जवळ जातं. शिवाय एका पात्याने मागे सोडलेल्या भोवऱ्यावर पुढचं पातं आपटतं, त्यातून ती ओळखीची धपधप निघते. शेपटीचा छोटा पंखा वेगाने फिरतो आणि त्याचा चिरका सूर कानाला लगेच टोचतो. पाती वाढवली की तेवढाच जोर सावकाश फिरूनही मिळतो, आणि टोकाचा वेग थोडा जरी उतरला तरी आवाज बराच उतरतो. शेपटीवरची जादा पाती आणि मधलं झाकण याच कामाची आहेत. झाकणाने रडारलाही उपद्रव होतो, कारण पंख्याच्या मध्यावरचे सांधे आणि दांडे रडारच्या लहरी चहूकडे परतवतात, आणि झाकण ते दडवतं.

आवाज दाबून मिळतं काय, याचा हिशेब करून पाहावा. ताशी २२० किलोमीटर वेगाने येणारं हेलिकॉप्टर मिनिटाला साडेतीन किलोमीटरहून जास्त अंतर कापतं. उदाहरणादाखल, ते ५ किलोमीटरऐवजी २ किलोमीटरवरून ऐकू आलं, तर घरातल्या माणसाला मिळणारा अवधी मिनिटाहून जास्त वेळावरून जेमतेम अर्ध्या मिनिटावर येतो. झोपेतून उठून बंदूक हाती घ्यायला किंवा मागच्या दाराने पळायला हा फरक निर्णायक आहे. कमांडोंच्या दृष्टीने असं हेलिकॉप्टर या अर्ध्या मिनिटासाठी हवं असतं. पण आवाज नाहीसा होत नाही. त्या रात्री अबोटाबादमध्ये राहणाऱ्या एका संगणक सल्लागाराने, रात्री एकच्या सुमाराला शहरावर हेलिकॉप्टर घिरट्या घालतंय आणि हे नेहमीचं नाही, असं ट्विटरवर लिहिलं होतं. काय घडतंय याची कल्पना नसताना, कानाला आलं ते त्याने नोंदवलं. मूक हेलिकॉप्टरची गोष्ट खोडायला एवढी एक नोंद पुरेशी आहे.

रडारच्या बाबतीत तर हेलिकॉप्टरची अडचण मुळातली आहे. विमानाचं अंग स्थिर असतं. त्याला असा आकार देता येतो की लहरी भलतीकडे परततील. हेलिकॉप्टरच्या डोक्यावर मोठी पाती फिरत असतात, आणि प्रत्येक फेरीत कुठल्या ना कुठल्या क्षणी पातं रडारला नेमकं आडवं येऊन चमकून जातं. आधुनिक रडार डोंगर-झाडांसारख्या स्थिर गोष्टी गाळून हलतं तेवढंच वेचतात, आणि हेलिकॉप्टर एका जागी तरंगत असलं तरी त्याची पाती हलतच असतात. लेप लावून, आकार बदलून परतणाऱ्या लहरी घटवता येतात, ज्या अंतरावरून ते दिसेल ते अंतर कमी करता येतं. एफ-११७ सारखं ते होऊ शकत नाही. आणि एफ-११७ सुद्धा मार्च १९९९ मध्ये सर्बियाने जुन्या सोव्हिएत क्षेपणास्त्राने पाडलंच होतं. स्टेल्थ ही कमी-जास्त असण्याची गोष्ट आहे. भारतात २०२२ साली हवाई दलात दाखल झालेल्या ‘प्रचंड’ या लढाऊ हेलिकॉप्टरची ओळख करून देतानाही स्टेल्थ गुणांचा उल्लेख झाला होता, आणि तिथेही अर्थ एवढाच की शत्रूला ते थोडं उशिरा कळावं.

आता त्या रात्रीच्या पुराव्यातला सर्वांत बोलका भाग. अफगाणिस्तानातल्या जलालाबादहून दोन बदललेली ब्लॅक हॉक निघाली. त्यांच्या मागून, साधारण पाऊण तासाने, शिनूक जातीची चार हेलिकॉप्टरं उडाली. दोन सीमेच्या अफगाण बाजूला थांबली. दोन पाकिस्तानात शिरली आणि निर्जन डोंगराळ भागात उतरून वाट पाहत बसली, कारण परतीच्या वाटेवर ब्लॅक हॉकला इंधन लागणार होतं आणि गरज पडली तर जादा कमांडोही. शिनूक म्हणजे दोन प्रचंड पंख्यांचं, बसएवढ्या अंगाचं, लांबून ऐकू येणारं मालवाहू हेलिकॉप्टर. त्याच्यावर कसलीही अदृश्यतेची कारागिरी नव्हती. तरीही ती पाकिस्तानच्या हद्दीत गेली, उतरली, आणि पहिलं ब्लॅक हॉक पडल्यावर त्यातलं एक थेट अबोटाबादपर्यंत आलं, माणसं उचलून परत गेलं. तोपर्यंत स्फोट झालेला होता आणि वस्ती जागी झालेली होती. पाकिस्तानची लढाऊ विमानं उडाली तेव्हा अमेरिकी हेलिकॉप्टरं निघून गेली होती. साधी शिनूक जर त्याच रात्री, त्याच डोंगरांतून, जाताना आणि येतानाही न अडवता गेली, तर ब्लॅक हॉक केवळ स्टेल्थमुळे निसटली हे म्हणणं टिकत नाही.

यावर एक आक्षेप निघतो, की शिनूक आडरानात उतरली आणि ब्लॅक हॉक लष्करी अकादमी असलेल्या शहरावर गेली, म्हणून दोघांची तुलना चुकीची. आक्षेपात तथ्य आहे, आणि माझं म्हणणं त्याने उलट स्पष्ट होतं. काकुल इथली पाकिस्तान लष्करी अकादमी त्या घरापासून हाकेच्या अंतरावर होती, आणि तिथे धोका होता तो माणसांच्या कानांचा. शेवटच्या दोन-चार किलोमीटरांत दबलेल्या आवाजाचा उपयोग झाला असणार. पण सीमेपासून शहरापर्यंतच्या लांब पल्ल्यात, जिथे प्रश्न रडारचा होता, तिथे साधं आणि बदललेलं दोन्ही हेलिकॉप्टर सारखंच सुरक्षित ठरलं.

असं का झालं, हे पाकिस्तानच्या परराष्ट्र मंत्रालयाने दुसऱ्याच दिवशी बरंचसं सांगून टाकलं होतं. डोंगराळ मुलुखामुळे रडारच्या नजरेत पडलेल्या फटी, जमिनीला चिकटून उडण्याचं कसब आणि नवं तंत्रज्ञान, अशी तीन कारणं त्या निवेदनात होती. पहिली दोन कारणं भूगोलाची आणि सरावाची आहेत. रडारच्या लहरी सरळ जातात. दरीतून, कड्याच्या आडून जाणारं यंत्र त्यांना दिसत नाही, मग त्याचा आकार कसाही असो. पाकिस्तानने चौकशीसाठी नेमलेल्या, न्यायमूर्ती जावेद इक्बाल यांच्या अध्यक्षतेखालच्या अबोटाबाद आयोगाचा अहवाल जुलै २०१३ मध्ये अल जझीराने फोडला, त्यात आणखी एक कारण पुढे आलं. पश्चिम सीमेवरची कमी उंचीवर नजर ठेवणारी रडारव्यवस्था शांतताकाळच्या तैनातीत होती. सज्जता होती ती पूर्वेकडे, भारताच्या दिशेने. अफगाणिस्तानातून, म्हणजे मित्र म्हणवणाऱ्या सैन्याकडून, असं काही येईल अशी कल्पनाच योजनेत नव्हती. आयोगाने या प्रकरणात जवळजवळ प्रत्येक पातळीवर हलगर्जी आणि अकार्यक्षमता झाल्याचा ठपका ठेवला.

याच्या उलट टोकाचा तर्क सेमूर हर्श या ज्येष्ठ अमेरिकी पत्रकाराने मे २०१५ मध्ये मांडला. त्याच्या मते पाकिस्तानी लष्कर आणि आयएसआय यांना मोहीम आधीच माहीत होती आणि हेलिकॉप्टरांना वाट मोकळी ठेवली गेली. दोन्ही सरकारांनी ते नाकारलं. हर्शची कारकीर्द मोठी आहे, त्यामुळे हा दावा सहज झटकता येत नाही. तरीही माझ्या मते त्याची गरज पडत नाही. हर्शचा तर्क आणि चमत्कारी हेलिकॉप्टरचा तर्क, दोघांच्या पोटात एकच गृहीतक आहे: एरवी पाकिस्तानी हवाई संरक्षणाने हेलिकॉप्टरं हमखास पकडली असती, म्हणून यंत्र तरी जादूचं किंवा पहारेकरी तरी फितूर. हे गृहीतकच सिद्ध झालेलं नाही. दुसरीकडे पाहणारी रडार, मधले डोंगर आणि रात्रीची वेळ एवढ्यावर घटना पूर्ण उलगडते. साधं कारण पुरत असताना मोठं कारण मागणाऱ्याने त्यासाठी वेगळा पुरावा द्यायला हवा, आणि तो अजून कुणी दिलेला नाही.

आधीच्या आणि नंतरच्या मोहिमा याच बाजूने साक्ष देतात. नोव्हेंबर १९७० मध्ये हनोईजवळच्या सोन ताय तुरुंगावर अमेरिकी हेलिकॉप्टरं उतरली. कैदी आधीच हलवले गेल्यामुळे हाती काही लागलं नाही, पण जाणं-येणं मात्र साधलं, तेही जमिनीलगत उडून आणि दुसऱ्या बाजूला नौदलाच्या विमानांनी हुल दिल्यामुळे. १७ जानेवारी १९९१ च्या पहाटे आखाती युद्धाचा पहिला घाव घातला तो अपाचे हेलिकॉप्टरांनी. वाट दाखवायला पेव्ह लो ही मोठी, मुळीच स्टेल्थ नसलेली हेलिकॉप्टरं पुढे होती. अंधारात वाळवंटाला चिकटून गेलेल्या या तुकडीने इराकची दोन रडारकेंद्रं उद्ध्वस्त केली. रडार चुकवून रडारच फोडलं, आणि तेही साध्या यंत्रांनी. ऑक्टोबर २०१९ मध्ये सीरियातल्या बारीशा गावात इस्लामिक स्टेटचा म्होरक्या बगदादी याच्यावर घातलेल्या छाप्यात, रशियाच्या नियंत्रणातल्या हवाई हद्दीतून जाण्यासाठी आगाऊ बोलणं करून ठेवलं होतं. २०२२ च्या वसंतात युक्रेनच्या वैमानिकांनी जुन्या एमआय-८ हेलिकॉप्टरांतून वेढा पडलेल्या मारिओपोलच्या अझोवस्ताल कारखान्यात दारूगोळा पोहोचवला, जखमी परत आणले. त्यातली काही हेलिकॉप्टरं पाडली गेली, म्हणजे ही किंमत न देता मिळणारी गोष्ट नाही. पण रशियाच्या दाट हवाई संरक्षणातून बाकीची जाऊन आली.

मग अमेरिकेने ते अवशेष जाळायची एवढी धडपड का केली, आणि शेपूट परत मिळवायला तेव्हाचे सिनेटर जॉन केरी यांना इस्लामाबादेत शब्द का टाकावा लागला? चीनच्या तज्ज्ञांना ते पाहू दिल्याची बातमी फायनान्शियल टाइम्सने ऑगस्ट २०११ मध्ये दिली आणि पाकिस्तान व चीन दोघांनी ती खोटी ठरवली. पण एवढी चिंता होती याचा अर्थ यंत्र असामान्य होतं, असा हा सर्वांत वजनदार आक्षेप आहे. त्याचं उत्तर दोन भागांत द्यावं लागतं. खास दलांचं कुठलंही हेलिकॉप्टर शत्रूच्या मुलुखात सोडायची वेळ आली तर नष्ट केलं जातं, कारण त्यात सांकेतिक संदेशयंत्रं आणि दिशादर्शक साधनं असतात. एप्रिल १९८० मध्ये इराणच्या वाळवंटात फसलेल्या मोहिमेत आठ अमेरिकी सैनिक मेले आणि धड अवस्थेतली हेलिकॉप्टरं कागदपत्रांसह मागे राहिली. तो धडा अमेरिकी लष्कर विसरलेलं नाही. ब्लॅक हॉक उडवणारी ‘१६० वी’ ही हवाई पलटण उभी राहिली तीच त्या अपयशातून. दुसरं म्हणजे लेप, साहित्य आणि पात्यांची रचना ही जपण्याजोगी रहस्यं खरोखर आहेत. अर्ध्या मिनिटाचा फायदा देणारी कला शत्रूच्या हाती पडू नये असं वाटणं अगदी वाजवी आहे.

गुप्ततेची किंमतही त्या रात्री दिसली, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. पहिलं ब्लॅक हॉक गोळीने पडलं नाही. आवारावर तरंगत असताना त्याच्या पंख्याने खाली ढकललेली हवा उंच, भरीव भिंतींमुळे बाजूला निघून जाऊ शकली नाही. ती वर फिरून पुन्हा पंख्यात आली आणि उचल नाहीशी झाली. रात्र अपेक्षेपेक्षा गरम होती, म्हणजे हवा विरळ. अमेरिकेत सरावासाठी बांधलेल्या नकली आवाराला मात्र भिंतीऐवजी तारेची जाळी होती, ज्यातून हवा आरपार जात होती. मोहिमेची सगळी तयारी जिथे झाली, तिथे नेमका हाच प्रसंग उभा राहू शकत नव्हता. त्यात आवाज आणि रडार यांसाठी चढवलेल्या प्रत्येक भागाचं वजन इंजिनालाच पेलायचं असतं, आणि एका जागी तरंगताना शिल्लक ताकद सर्वांत कमी असते. वैमानिकाने नाक जमिनीत रोवून हेलिकॉप्टर उलटू दिलं नाही, म्हणून एकही कमांडो दगावला नाही. त्या रात्रीच्या यशात यंत्राला दिलेल्या श्रेयातला निम्मा वाटा तरी मी त्या हातांकडे वळवेन.

चमत्कारी हेलिकॉप्टरची गोष्ट एवढी टिकली, कारण ती सर्वांच्या सोयीची आहे. अमेरिकेला धाक वाढलेला चालतो. पाकिस्तानी लष्कराला ‘ते दिसणारच नव्हतं’ हे उत्तर ‘आम्ही पाहतच नव्हतो’ या उत्तरापेक्षा परवडतं. यंत्रांच्या चाहत्यांना रहस्य मिळतं. या सोयीखाली दबला तो अबोटाबादच्या माणसाचा साधा प्रश्न: आपल्या आकाशावर पहारा कोण देत होतं, आणि जगातला सर्वांत हवा असलेला माणूस अकादमीच्या शेजारी इतकी वर्षं कसा राहिला? त्या हेलिकॉप्टरचं खरं छायाचित्र अमेरिका आपल्या सवडीने कधीतरी दाखवेल. एफ-११७ चं तिने दाखवलंच. या प्रकरणात आस्था असलेल्या प्रत्येकाने, आणि पाकिस्तानी नागरिकांनी सर्वांत आधी, मागायला हवा तो आयोगाचा ३३६ पानांचा अहवाल. पाकिस्तान सरकारने तो अधिकृतपणे प्रसिद्ध करावा आणि संसदेत त्यावर उघड चर्चा घडवावी.